शाईचे पेन पुन्हा हातात घेताना: आधी हात, मग खरेदी

शाईच्या पेनाने पुन्हा लिहावे असे चाळिशी-पन्नाशीत मनात आले, की बहुतेक जण आधी मोबाइल उघडतात. रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ पाहतात आणि सकाळी तीन हजारांचे पेन मागवून मोकळे होतात. महिन्याभरात ते पेन खणात जाऊन पडते. का, तर ते खरखरते, मध्येच अक्षर तुटते, शाई पसरते. पेन बिचारे ठीकच असते. वीस-पंचवीस वर्षे बॉलपेन दाबून दाबून लिहिलेला आणि पुढे कीबोर्डवर गेलेला हात मात्र शाईचे पेन विसरलेला असतो.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी घरातले जुने पेन, मग शाई आणि कागद, मग हाताची सवय, आणि खरेदी त्यानंतर. ही वाट इंदुरातल्या माणसासाठी लिहिली आहे, पण खजुरी बाजारातल्या खरेदीचा भाग सोडला तर बडोदे-ग्वाल्हेरच्या मंडळींनाही ती तशीच चालेल.

खण उघडा

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठल्याही जुन्या मराठी घरात एक तरी शाईचे पेन निघतेच. आजोबांचे पार्कर, वडिलांचे कॅमलिन किंवा एअरमेल, आणि बक्षीस म्हणून मिळालेले सोनेरी टोपणाचे हीरो. ते सापडले की लगेच शाई भरू नका. आधी ते कसे भरते हे ओळखा.

बॅरल उघडल्यावर आत काहीच नसेल आणि आटे प्लास्टिकचे किंवा एबोनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे, असतील, तर ते ड्रॉपरने थेट बॅरलमध्ये शाई भरायचे पेन. आत धातूच्या कवचात मऊ नळी असेल आणि ती दाबून शाई ओढायची असेल, तर ते हीरो ६१६ च्या धाटणीचे. बॅरलच्या अंगाला छोटी दांडी असेल तर आत रबरी पिशवी आहे. अशी पेने जुनी असतात आणि ते रबर वाळून कडक झालेले असते, म्हणून ती दांडी उत्साहाने ओढून बघू नका, पिशवी तडकते. ते पेन जाणकाराकडेच द्यावे. आणि आत बारीक नळकांडे बसवण्याची जागा असेल तर ते कार्ट्रिजचे (शाई भरूनच मिळणारी नळी) किंवा कन्व्हर्टरचे (दौतीतून शाई ओढून पुन्हा पुन्हा भरायची नळी).

आता धुणे. वाटीत साधे पाणी घ्या आणि टोपण व बॅरल काढून निबेकडचा भाग त्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पाणी निळेगर्द झालेले दिसेल. ते बदला, पुन्हा ठेवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. वाळलेली शाई फारच हटवादी निघाली तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा. गरम पाणी अजिबात नको: एबोनाइटचा काळा रंग त्याने तपकिरी पडतो आणि जुने प्लास्टिक वाकते. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांच्या तर वाटेला जाऊ नका, काही पेनांचे अंगच त्यात विरघळते. घरात नर्मदेचे पाणी येत असेल तर चिंता नाही. कॉलनीत बोअरिंगचे जड पाणी असेल तर शेवटचे धुणे आरओच्या पाण्याने करा, म्हणजे जिभेच्या बारीक खाचांत क्षार साचत नाहीत.

जीभ म्हणजे निबेखालचा तो काळा भाग. पेनाची खरी करामत तिच्यात आहे. तिच्या मधोमध एक केसासारखी खाच असते. शाई त्या खाचेतून केशाकर्षणाने निबेकडे उतरते आणि जेवढी शाई खाली जाते तेवढी हवा वर आत शिरते. ही देवाणघेवाण अडली की पेन अडते. अमेरिकेत लुइस वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतले ते याच कामाच्या जिभेचे. कडेला फणीसारखे दाते असतात ते जास्तीची शाई धरून ठेवायला. भारतीय बनावटीच्या बऱ्याच पेनांत निब आणि जीभ नुसती दाबून बसवलेली असते. ती दोन्ही एकत्र धरून, रबराच्या तुकड्याने पकड घेऊन, सरळ बाहेर ओढता येते. पिळायची नाही. ज्या पेनात निब जवळजवळ सगळी झाकलेली असते, म्हणजे हीरो किंवा जुनी पार्कर, ती घरी उघडायच्या भानगडीत पडू नका.

शाई

पहिली बाटली निळी, साधी आणि स्वस्त. रॉयल ब्लू. तिला कंटाळवाणी म्हणणारे म्हणोत, पण ती सहज धुतली जाते, पेन तुंबवत नाही आणि तुमची चूक आहे की पेनाची हे ती लगेच दाखवते. कॅमलिनची शाई खजुरी बाजारात कुठेही मिळते. दांडेकरांनी १९३१ साली धंदा सुरू केला तोच मुळी शाईपासून, तेव्हा मराठी माणसाने सुरुवात तिच्यापासून करावी यात थोडा अभिमानही मिसळता येईल. कोलकात्याची सुलेखाही तिच्याच पिढीची, स्वदेशी चळवळीतून आलेली, आणि आता तिच्या बाटल्या पुन्हा मिळू लागल्या आहेत.

बाटलीवर ‘फाउंटन पेन इंक’ असे छापलेले आहे ना, एवढे मात्र नीट बघा. त्याच कपाटात ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाईही ठेवलेली असते आणि दुकानातला पोरगा ‘काली स्याही’ म्हटले की तीच पुढे करतो. तिच्यात लाखेसारखा चिकट घटक असतो. पेनात ती वाळली की जीभ कायमची बसली समजा.

चेक, करारपत्र, सरकारी अर्ज अशा कामांना धुऊन जाणारी रॉयल ब्लू चालत नाही. तिथे पक्की शाई हवी. आयर्न गॉल नावाची जुनी जात आहे. ती कागदावर हवेशी संयोग पावून हळूहळू काळी पडते आणि पाण्याने जात नाही. पण ती आम्लधर्मी असते, स्टीलच्या निबेला चरते, म्हणून ज्या पेनात ती भरली ते पेन महिन्याला धुतलेच पाहिजे. चमकीच्या शाया पहिल्या वर्षी विसरा. लाल शाईही शक्यतो वेगळ्या पेनात. पारदर्शक पेनाला ती डाग ठेवून जाते. आणि दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करून ‘आपला खास रंग’ बनवण्याचा मोह आवरा. रसायने जुळली नाहीत तर गाळ खाली बसतो.

घरात सापडलेली जुनी अर्धी दौत? टोपण उघडून वास घ्या. कुबट वास आला किंवा वर जाळे-तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ओतून टाका, त्या बाटलीत पेन बुडवले तर पेनातही बुरशी जाते.

कागद

याबद्दल एकच गैरसमज दूर करायचा आहे. जाड कागद म्हणजे चांगला कागद असे नसते. शाई पसरते की नाही हे कागदावरच्या खळीवर, म्हणजे त्याला दिलेल्या लेपावर ठरते. शंभर जीएसएमची, म्हणजे चांगली जाडजूड, सुंदर हातकागदाची वही शाई टिपकागदासारखी पिऊन टाकते आणि त्यापेक्षा पातळ, गुळगुळीत कागद तिला वरच धरून ठेवतो. म्हणून वही घेताना पेन सोबत न्या. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात ‘क्ष’ आणि ‘ष्ट’ लिहा, अर्धे मिनिट थांबा, पान उलटा. अक्षराच्या कडांना केस फुटले नाहीत आणि मागे ठिपके उमटले नाहीत, तर वही घ्या. दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा, इंदुरात वह्यांची दुकाने काही कमी नाहीत.

सरावासाठी वहीच हवी असे नाही. ऑफिसात प्रिंटरसाठी येणारे एखादे चांगले कॉपियर पेपरचे बंडल पुरते. एका कंपनीचा कागद पसंत पडला की त्यालाच धरून राहा, कारण कागद बदलला की पेनही बदलल्यासारखे वाटते आणि नवख्याचा गोंधळ उडतो.

हात

आता मुख्य गोष्ट. इथे घाई केली तर बाकी सगळे फुकट.

बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. तिच्या टोकावरची गोळी कागदावर घासून फिरली तरच शाई येते, म्हणून आपण पेन उभे धरतो आणि दाबतो. शाईच्या पेनात पाण्यासारखी पातळ शाई आधीच निबेच्या टोकाशी येऊन थांबलेली असते. कागदाला टोक टेकले की ती आपोआप उतरते. दाब द्यावाच लागत नाही. दिला, तर निबेच्या दोन पाकळ्या फाकतात, मधली फट रुंदावते, आणि शाई एक तर भसकन येते किंवा तुटते. आपण म्हणतो पेन बिघडले.

तुमचा दाब किती आहे हे तपासायला सोपा उपाय आहे. बॉलपेनने दोन ओळी लिहा आणि कागद उलटून मागून बोट फिरवा. अक्षरे बोटाला लागतील. आता शाईच्या पेनाने त्याच ओळी लिहा आणि तसेच बोट फिरवा. काहीही लागता कामा नये. रोज दहा-पंधरा मिनिटे लिहायचे आणि पान संपले की बोट फिरवून बघायचे. मागची बाजू सपाट होईपर्यंत नवीन पेन नाही, नवीन शाई नाही. साधारण दोन-तीन आठवडे लागतात. ज्यांनी शाळेत शाईनेच लिहिले त्यांना कमी, हात आठवतो.

धरायचे कसे? पेन कागदाशी साधारण ४५ ते ५५ अंशांत तिरपे, निबेचा चकचकीत भाग वर, आणि लिहिताना पेन बोटांत गोल फिरू द्यायचे नाही. बॉलपेन कुठूनही धरले तरी लिहिते, म्हणून ते फिरवायची सवय अनेकांना लागलेली असते. निब फिरली की एकच पाकळी कागदाला टेकते आणि खरखर सुरू होते. सुरुवातीच्या ‘खरखरीत निब’च्या तक्रारी बहुतेक अशाच असतात. अक्षर नुसत्या बोटांनी न काढता मनगट आणि कोपरापासून हात सरकवा. पहिली काही पाने अक्षरे लिहूच नका: सलग वेलांट्या, उकार, आडव्या लांब रेघा.

देवनागरीच्या म्हणून काही खास अडचणी आहेत आणि इंग्रजी व्हिडिओंत त्या तुम्हाला कुणी सांगणार नाही.

पहिली, शिरोरेषा. शब्द लिहून झाला की आपण मागे येऊन वरून रेघ ओढतो. ती रेघ प्रत्येक अक्षराच्या ओल्या डोक्यावरून जाते आणि तिथे शाईचे तळे साचते. ओली शाई आणि जाड निब असेल तर ‘म’ आणि ‘भ’ सारखेच दिसू लागतात. यावर जुना तोडगा आहे. मोडी लिहिणारे कारकून आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवत जात. होळकरांच्या दफ्तरातले मोडी कागद कधी पाहायला मिळाले तर ती सलग रेघ जरूर बघा. आपण तेच करायचे: रेघांच्या वहीत छापील रेघेलाच शिरोरेषा माना आणि अक्षर तिच्याखाली लिहा. वेगही वाढतो. ज्यांना सरावासाठी काहीतरी नवे हवे आहे त्यांनी थेट मोडीच शिकावी. लेखणी फार न उचलता लिहायची लिपी आहे, वाहत्या शाईला ती फार मानवते.

दुसरी, टिंब. अनुस्वार देताना आपण बॉलपेन ठक्कन टोचतो. मराठीतला पूर्णविरामही टिंबच. (हिंदी लिहिणारे शेजारी दंड ओढतात, त्यांची निब त्या बाबतीत सुखी.) निबेचे टोक टोचून वाकते. टिंब म्हणजे फक्त टेकवून उचलणे, शाई स्वतः गोल होते.

तिसरी, निबेची जाडी. मराठी जोडाक्षरांत बारीक पोकळ्या फार: द्ध, क्ष, ष्ट्य. तुमचे अक्षर लहान असेल तर फाइन निब घ्या. जपानी कंपन्यांची फाइन युरोपीय फाइनपेक्षा बारीक असते, हे लक्षात ठेवून निवडा. मोठे अक्षर काढणाऱ्यांनी मीडियम घ्यावी. आणि सुलेखनासाठी तिरप्या कापाची निब घ्यायची असेल तर इंग्रजी सुलेखनाचा संच उचलू नका. देवनागरीचा बोरू इंग्रजीच्या उलट दिशेने तिरपा कापतात, म्हणूनच आपल्या अक्षरांचा जाडपणा दुसऱ्या अंगाला पडतो. देवनागरीच्या कापाच्या निबा वेगळ्या मिळतात, तशा मागून घ्या.

डावखुऱ्यांना एकच सांगणे: लवकर वाळणारी शाई, बारीक निब, आणि हात ओळीच्या खाली ठेवायचा प्रयत्न.

खजुरी बाजार

मागची बाजू सपाट झाली? चला मग. राजवाड्यापासून पायी अंतरावर खजुरी बाजार, पुस्तके आणि स्टेशनरीची गल्ली. शाळा उघडायच्या दिवसांत चुकूनही जाऊ नका, पालकांच्या गर्दीत कुणी तुम्हाला पेन दाखवणार नाही. एखाद्या निवांत दुपारी जा आणि काउंटरवर सरळ सांगा, “भिया, इंक वाला पेन दिखाना, और निब डुबा के लिखूँगा.” दौतीत बुडवून लिहून बघू दिले तरच तिथून घ्या. शाईच्या पेनात एकाच मॉडेलच्या दोन निबा सारख्या नसतात.

बघायचे काय? निब समोरून भिंगातून पाहा. दोन्ही पाकळ्यांची टोके एका पातळीत हवीत आणि मधली फट टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी. भिंग नसेल तर सराफ्यात जा. सोनार-घड्याळजी वापरतात ते दहापट भिंग या छंदात कायम उपयोगी पडते, आणि सराफा रात्री खाऊगल्ली होतो, तेव्हा तिथे जाण्याचे आणखी एक निमित्त असतेच. पाकळ्या वरखाली असतील तर नखाने हलके दाबून सारख्या होतात. फट अगदीच मिटलेली असेल तर जुन्या फोटोंच्या निगेटिव्हची पट्टी तिच्यातून अलगद फिरवा. पॉलिश पेपर घेऊन निब घासायला बसू नका, टोकावरचा कठीण धातूचा मणी एकदा झिजला की परत येत नाही.

स्टीलची निब की सोन्याची, हा प्रश्न सगळे विचारतात. १४ कॅरेटच्या निबेवर ५८५ कोरलेले असते, म्हणजे हजारात ५८५ भाग सोने. सोने शाईने गंजत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण कागदाला लागतो तो टोकावरचा वेगळ्या धातूचा मणी, आणि तो चांगल्या स्टील निबेवरही असतो. पहिली काही वर्षे स्टील पुष्कळ झाले.

पहिले पेन पाचशेच्या आत बसवा. मुंबई, राजमहेंद्री, चेन्नईकडची देशी पेने या किमतीतही छान लिहितात. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींसाठी स्वदेशी पेन बनवले, तेव्हापासून त्या गावाला पेनांची परंपरा आहे; एबोनाइटची हाताने घडवलेली पेने तिकडून मागवता येतात, पण ती दुसऱ्या टप्प्यावर. विदेशी घ्यायचे झाले तर पायलट आणि लॅमीची सुरुवातीची पेने भरवशाची. फक्त एक गोष्ट विचारून घ्या: कन्व्हर्टर सोबत आहे का? पार्कर, पायलट, लॅमी यांचे कन्व्हर्टर आणि कार्ट्रिज आपापले असतात, एकाचे दुसऱ्याला बसत नाही. बाजारात नकली हीरोही भरपूर आहेत, म्हणून फार स्वस्त मिळते आहे म्हणून सहा घेऊ नका.

माळव्यातला उन्हाळा

ड्रॉपरने भरायच्या पेनाला आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा, म्हणजे गळत नाही. व्हॅसलीन नको, ते रबराला फुगवते. अशा पेनात शाई एक तृतीयांशाच्या खाली आली की भरून टाका. बॅरलमध्ये हवा जास्त झाली की हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला पुढे ढकलते. मग पानावर अचानक थेंब पडतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर हे हमखास घडते. शर्टाच्या खिशातले पेन उन्हातून घरी आणल्यावर लगेच उघडू नका, दहा मिनिटे उभे ठेवा.

त्याच कोरड्या दिवसांत टोपण न लावलेले पेन बघता बघता सुकते. विचार करताना टोपण लावायची सवय करा. पावसाळ्यात उलटे: कागद दमट होतो आणि कालपर्यंत चांगली वाटणारी वही केस फोडू लागते. वह्या बंद कपाटात ठेवा. विमानाने जायचे असेल तर पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे, आणि निब वर.

पंधरा दिवस लिहिणार नसाल तर पेन धुऊन कोरडे करून ठेवा. शाळेत निब डोक्याच्या केसांना पुसायची पद्धत होती आणि सांडलेली शाई खडूने टिपली जायची. घरी आता जुन्या सुती धोतराचा तुकडा ठेवावा, धागे सोडत नाही.

लिहायचे काय

ज्याला रोज लिहायला काही नसते तो पेने जमवू लागतो, आणि तो वेगळा, महागडा छंद आहे. किराण्याची यादी शाईने लिहा. रोजनिशी लिहा. पुण्या-मुंबईच्या नातलगांना पत्र लिहा. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना आणि अंतर्देशीय अडीच रुपयांना मिळते. आजींच्या हातच्या पदार्थांच्या कृती एका चांगल्या वहीत उतरवून काढा, इंदुरातल्या मराठी घरांत पुरणपोळी आणि दाल-बाफल्यांच्या कृती शेजारीशेजारी सापडतात. नातवंडे असतील तर त्यांना एक पेन जरूर द्या, पण त्यांचे स्वतःचे.

तुमचे पेन मात्र इतरांच्या हाती देऊ नका. निब तुमच्या हाताच्या कोनाला सरावत जाते आणि बॉलपेनवाला तिला एका सहीत फाकवतो. बँकेत रांगेत उभे असताना कुणीतरी हमखास मागे वळून म्हणेल, “भिया, एक मिनट पेन देना.” तेवढ्यासाठी खिशात पाच रुपयांचे एक बॉलपेन असू द्यावे.